मे महिन्यात थंडी वाजते का?

मे महिन्यात परभणीच्या माणसाला डॉक्टरांनी हा प्रश्न विचारू नये. बाहेर पारा ४३वर, डोक्यावरचा पंखा तव्यावरची हवा अंगावर लोटतोय आणि हे विचारतात, थंडी वाजते का? मी आठवून आठवून म्हणालो, "पहाटे कूलरसमोर वाजते." त्यांनी ते लिहून घेतलं! वजन वाढलंय? हो. थकवा? हो. विसरायला होतं? हे त्यांनी दोनदा विचारलं म्हणे. चिठ्ठीवर गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या रक्ततपासण्या: टी३, टी४, टीएसएच.

शनिवारी सकाळी ताटलीतली गरम सुशीला तशीच सोडून उपाशी पोटी निघालो. (सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, फोडणीची. पुण्या-मुंबईकडच्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) रक्त काढून झाल्यावर लॅबमधला पोरगा म्हणतो, "काका, ह्याला उपाशी यायचं काम नव्हतं." रिपोर्ट सोमवारी संध्याकाळी.

मधे अख्खा रविवार. मोबाईलवर वाचलं की मान मागं टाकून, पाण्याचा घोट घेत आरशात गळा बघावा, गाठ असेल तर वर-खाली होताना दिसते. झालं. सहाव्या घोटाला खरंच काहीतरी हललं. माझा कंठमणी होता तो, चाळीस वर्षं तिथंच आहे, पण त्या दिवशी ओळख पटेना.

"अहो, काय करायलात?" बायको दारात.

"पाणी पितोय."

"आरशात बघून?"

फार्मसी शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, टीएसएच जास्त आला तर थायरॉईड सुस्त समजायचं." जास्त म्हणजे सुस्त? मग त्यानं आमच्याच ऑफिसचं उदाहरण दिलं. मेंदूतली ग्रंथी म्हणजे साहेब, थायरॉईड म्हणजे क्लार्क. क्लार्क हलेना की साहेबाचा आवाज चढतो, आणि टीएसएच म्हणजे तो साहेबाचा आवाज. मी स्वतः क्लार्क आहे. लगेच समजलं. थोडं लागलंही.

शेजारच्या मावशींनी वाटीभर लोणचं आणि नणंदेच्या गळ्याची सगळी कथा आणून दिली. आईनं तर निदानच केलं, "नजर लागली रे बाळा," आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून गॅसवर टाकल्या. माझ्या डोळ्यांदेखत मूठभर आयोडीनयुक्त मीठ तडतडत गेलं. थायरॉईडला जे हवं तेच जाळलं की! पण हे आईला कोण सांगणार.

सोमवारी सात वाजता मोबाईल वाजला. चष्मा सापडेना. (विसरभोळेपणा, लक्षण चौथं.) तो कपाळावर होता. टी३, टी४ ठीक. टीएसएच ५.१. शेजारी छापलेली मर्यादा साडेचारपर्यंत.

डॉक्टर फोनवर जांभई देत म्हणाले, "किंचित वर आहे. आत्ता गोळी नको. तीन महिन्यांनी परत तपासू."

"तीन महिने?" मी ओरडलो. टीएसएचसारखाच.

बायकोनं शांतपणे पाण्याचा तांब्या उचलला. "हा आता आरशापाशीच ठेवते."