हवेवर उचललेल्या मोटरहोमखाली शिरू नका

"मोटरहोमची एअरबॅग बदलायला गॅरेजला पैसे कशाला? अर्ध्या तासात घरीच होतं" असा मराठी मेसेज अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या ग्रुपांवर फिरतोय. मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, आणि ही एअरबॅग म्हणजे गाडीचा भार पेलणारी, हवेने फुगवलेली रबरी स्प्रिंग. परवा तो मिशिगनच्या माझ्या दादाकडे पोचला आणि दादा विचारतो, "शनिवारी उरकून टाकू का?" त्याची गाडी जीएमसी कंपनीची 1976 ची मोटरहोम, मेसेजही त्याच गाडीबद्दल. आता गप्प बसवत नाही.

पहिलाच सल्ला बघा: मागची बाजू हवा भरून पूर्ण वर घ्या, खाली जागा झाली की आत शिरून बॅग सोडवा. लिहिणाऱ्याने या गाडीखाली कधी वाकून तरी पाहिलंय का? 1973 ते 1978 या काळातल्या या जीएमसीला मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाकं असतात आणि त्या दोन्ही चाकांना धरणाऱ्या दांड्यांमध्ये, म्हणजे आर्ममध्ये, आडवी बसवलेली एकच बॅग. मागचा त्या बाजूचा सगळा भार तिच्यावर. म्हणजे जी काढायची, तिच्याच भरवशावर गाडी वर धरायची! चिरा पडल्यात म्हणूनच तर ती बदलतोय ना? ती फुटली किंवा नळी निसटली तर गाडी खाली बसते, सरकायला वेळ मिळत नाही. नुसता ट्रॉली जॅक, म्हणजे गाडी उचलायचा चाकांचा जॅक, तोही नको. सपाट काँक्रीटवर गाडी लावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे द्या, फ्रेमखाली वजन पेलणारे जॅक स्टँड, म्हणजे गाडी टेकवायचे पक्के आधार, लावून भार त्यांच्यावर घ्या. मग दोन्ही बॅगांतली हवा पूर्ण सोडा. पाना त्यानंतर.

"नवी बॅग आधी जमिनीवर ठेवून फुगवून तपासा" हेही तितकंच जीवघेणं. फायरस्टोन कंपनी आपल्या एअर स्प्रिंगबद्दल, म्हणजे अशा बॅगांबद्दल, इशाराच देते की बॅग मोकळी असताना हवा भरू नका. बॅगेचा व्यास 25 सेंटीमीटर धरला, तर 100 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाबाला साडेतीन टनांच्या आसपास जोर येतो. तो अडवायला दोन्हीकडे आर्म नसतील तर बॅग ताणत जाते आणि फुटते, तीही तुमच्या तोंडासमोर.

पंक्चरच्या सोल्युशनने चीर बुजत नाही. रबराच्या आत दोऱ्यांचा थर असतो, ताकद त्याची. चीर तिथवर गेली की बॅग बाद. एकच बदलावी का? दुसरी अलीकडची असेल तर चालेल, नाहीतर जोडीने बदला. आणि अर्धा तास? मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या जुन्या गाडीचे गंजलेले नट सुटायलाच अर्धा दिवस जाऊ शकतो.

एक गोष्ट खरी आहे, नाइलाजाने मान्य करते: गाडी बसली म्हणजे बॅगच गेली असं नाही. फिटिंग, नळ्या, व्हॉल्व्ह यांतूनही हवा गळते. त्यामुळे आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. पण तेही स्टँड लावल्यावरच, हवा सोडायच्या आधी.