माळ घाला, पण मिटिंगला जाऊ नका असं सांगू नका

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप माहेरच्या भावकीचा. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: दारू सोडायला एएच्या मिटिंगा कशाला? मन घट्ट करा, माळ घाला, आपोआप सुटते. मिटिंगमध्ये दारूच्या गोष्टी ऐकून उलट तलफ येते. गावभर नाव होतं. चर्चमध्ये बसवून धर्म बदलायला लावतात, पैसे काढतात, आणि उपयोग होतो याला पुरावा काही नाही.

माझा मोठा भाऊ एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या मिटिंगला जातो. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

आधी मन घट्ट करण्याबद्दल. दादा दरवर्षी श्रावण कडक पाळायचा. महिनाभर थेंब नाही, आणि गणपती विसर्जनाच्या रात्री पुन्हा सुरू. मनाला जोरच नसता तर तो महिना तरी निघाला असता का? पुढे दारू रोजची झाली. सकाळी हात थरथरायचे आणि ते थांबवायलाही दारूच लागायची. अशात एक दिवस आईच्या पायावर हात ठेवून त्याने ती एकदम बंद केली. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवा. शपथ चालत नाही, आणि नुसती मिटिंगही पुरत नाही. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला मला ती रात्र दाखवावीशी वाटते.

माळेबद्दल मला आदर आहे. माळ घालून दारू सुटलेली माणसं आमच्याच गल्लीत आहेत. पण त्यांच्यासोबत नुसती माळ नव्हती. एकादशीचं भजन होतं, आषाढीची दिंडी होती, चार दिवस दिसला नाही तर घरी येऊन “माउली, कुठं होता?” असं विचारणारं कुणीतरी होतं. संध्याकाळी सातला, पाय नेमके गुत्त्याकडे वळायच्या वेळी, जाऊन बसायला दुसरी जागा होती. मिटिंगमध्ये हेच मिळतं. गळ्यात माळ असलेले दोघेजण दादाच्या गटात आहेत.

तलफेचं म्हणाल तर एका खुल्या मिटिंगला मी स्वतः बसले आहे. खुल्या मिटिंगला घरचेही येऊ शकतात, बंद मिटिंग फक्त पिणं सोडू पाहणाऱ्यांची. महापालिकेच्या शाळेतला वर्ग, लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं. दारूच्या चवीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एकाने मुलीच्या फीचे पैसे उडवल्याचं सांगितलं, दुसऱ्याने वडिलांच्या दहाव्याला पिऊन गेल्याचं. मध्ये कुणी बोललं नाही, उपदेश केला नाही. घरी आम्ही बोलायला लागलो की दादा मान खाली घालायचा. तिथे तो मान वर करून ऐकत होता.

नाव कुणी विचारत नाही असं नाही, पण पहिल्या नावावर भागतं. आडनाव नाही, ओळखपत्र नाही. लहान गावात चेहराच ओळखीचा असतो, ही अडचण मात्र खरी आहे. दादा सुरुवातीला एसटीने शेजारच्या तालुक्याला जायचा.

धर्माच्या बाबतीत खरं ते सगळंच सांगते. एए 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून सुरू झाली. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत जात होते आणि दारू सोडण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे. पण तो “आम्हाला जसा उमगला तसा” ईश्वर आहे. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडायची इच्छा. काही मिटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात, तशा शाळेतही भरतात. देवाचं नावच नको असेल त्याला हे खटकू शकतं. त्याने पुण्यातल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाठपुरावा गटांची चौकशी करावी.

पैशाचं एका ओळीत: फी नाही, शेवटी एक थाळी फिरते, टाकलं नाही तरी चालतं, आणि बाहेरची देणगी एए घेतच नाही.

आणि पुरावा आहे. 2020 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यासांचा, 10,565 लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. एएशी पद्धतशीर जोडून देणाऱ्या उपचारांत दारूपासून सलग दूर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा जास्त आढळलं. सगळ्यांची सुटते असं त्यात म्हटलेलं नाही. दादाचीही मध्ये एकदा स्लिप झाली होती, म्हणजे सुटलेली दारू पुन्हा घेतली होती.

जवळची मिटिंग शोधायला एए इंडियाच्या संकेतस्थळावर बघा, किंवा 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर मदत मागा. वार, वेळ, मराठीत आहे का, खुली की बंद, एवढं विचारून ठेवा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनचे वेगळे गट असतात. तिकडे आता वहिनी जाते, एकटी, दादाला न विचारता.

पहिल्या दिवशी बोलायलाच हवं असंही नाही. आपली पाळी आली की “आज फक्त ऐकतो” म्हणायचं. दादा पहिले पाच आठवडे एवढंच म्हणत होता.