सही येते, पण सही कशावर केली ते वाचता येत नाही

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज लिहूनच टाकते. लांब होईल, पण वेळ काढून वाचा.

गेली काही वर्षं मी कर्जदार बायकांच्या गटांना शिकवायला जाते. म्हणजे मायक्रोफायनान्सचं, गटातल्या सगळ्यांनी एकमेकींची हमी घेऊन मिळणारं छोटं कर्ज घेतलेल्या, हातावर पोट असलेल्या बायका, वय तिशीपासून साठीपर्यंत कितीही, कुणी दुसरीत शाळा सोडलेली तर कुणी शाळेची पायरीच चढलेली नाही. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात आली ती ही की यातल्या बहुतेक जणींना सही येते. मला आधी बरं वाटलं, म्हटलं चला पाया तरी आहे. मग एकीला सही करून दाखवायला सांगितली. तिने वही जवळ ओढली, पेन मुठीत धरल्यासारखं घट्ट धरलं, आधी वरची आडवी रेघ ओढली आणि मग त्या रेघेला एकेक आकार टांगत गेली, रांगोळी काढावी तसं. मी तिच्या नावातल्या दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, "ते माझं नाव आहे." पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं तरी तेच. सगळंच तिचं नाव होतं, अक्षर असं त्यात काही नव्हतंच.

तिला सही शिकवली होती कारण कर्जाच्या कागदावर सही लागते. त्या सहीच्या वर काय छापलंय ते वाचायला मात्र कुणीच शिकवलं नव्हतं, आणि तसं कागदावर सह्या करत तिची तीन कर्जं झाली होती. आपल्याकडे जनगणनेत साक्षर कुणाला म्हणायचं तर सात वर्षांवरच्या ज्या माणसाला कुठलीही एक भाषा समजून वाचता आणि लिहिता येते त्याला. त्यातला "समजून" हा शब्द आपण सगळ्यांनी सोयीस्करपणे गाळून टाकलाय असं मला त्या दिवशी वाटलं, आणि अजून वाटतं.

ही छोट्या कर्जांची सगळी चळवळ सुरू कुठून झाली ते आठवून बघा. १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस नावाच्या प्राध्यापकाने ४२ जणांना मिळून स्वतःच्या खिशातले २७ डॉलर दिले, त्यातून १९८३ ला ग्रामीण बँक झाली, २००६ ला नोबेल मिळालं. काम मोठं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. ग्रामीण बँकेने १९८४ मध्ये कर्जदारांसाठी सोळा निर्णय तयार केले, बायका ते म्हणायच्या. त्यात भाजीपाला लावू आहे, संडास बांधू आहे, हुंडा घेणार नाही देणार नाही आहे, मुलांना शिकवू आहे. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली. आम्ही स्वतः वाचायला शिकू, हे सोळातल्या एकाही निर्णयात नाही. आई शिकायची राहिलीच. तिने हप्ता भरायचा आणि शिकायचं मुलांनी, ही वाटणी तेव्हापासून आजपर्यंत तशीच चालत आलीय.

आता कुणी म्हणेल, अहो, ट्रेनिंग देतात की. हो, देतात. कर्ज द्यायच्या आधी गटाला एकत्र बसवून दोन-तीन दिवस रोज थोडा वेळ शिकवतात, मग वरचा साहेब येऊन गटाची परीक्षा घेतो. त्यात विचारतात काय तर हप्ता किती, वार कुठला, मीटिंगला किती वाजता यायचं, एखादीने नाही भरला तर बाकीच्यांनी काय करायचं. बायका हे सगळं घडाघडा सांगतात. पण व्याज कसं लागतं, मुदतीआधी कर्ज फेडलं तर काय होतं, हातात कमी पैसे आले तर कुणाला विचारायचं, तक्रार कुठे करायची, यातलं काही विचारलं की एकदम गप्प. जे शिक्षण मिळतं ते वसुली नीट व्हावी एवढ्यापुरतं असतं, आणि ते शिकवणारा माणूस वाईट असतो असंही नाही, त्याच्यावर स्वतःच्याच टार्गेटचं ओझं असतं.

व्याजाचं एक उदाहरण देते, कारण हे शिकलेल्या लोकांनाही सांगावं लागतं. समजा १२ हजारांचं कर्ज, वर्षभराची मुदत, व्याज १२ टक्के फ्लॅट, म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर. म्हणजे व्याज १,४४० आणि महिन्याला हप्ता १,१२०. ऐकायला शेकडा महिना एक रुपया, अगदी सोपं. पण १२ हजार तुमच्याकडे वर्षभर असतात कुठे? दर महिन्याला मुद्दल परत जात असतं, सहा महिन्यांनी निम्मंच उरलेलं असतं आणि व्याज मात्र पूर्ण १२ हजारांवर लावलेलं. कमी होत जाणाऱ्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. मी हे वर्गात खडे मांडून दाखवते, बारा खडे, दर महिन्याला एक उचलायचा. सातवा-आठवा खडा उचलला की कुणीतरी म्हणतंच, "मग मी उचललेल्या खड्याचं पण व्याज देतेय का?" हा प्रश्न आजवर प्रत्येक गटात आलाय, मी न सांगता. डोकं यांच्याकडे भरपूर आहे हो, त्यांच्यासमोर हिशोब कुणी मांडलेला नसतो एवढंच.

आणि नुसत्या कर्जाने गरिबी हटते का, याचंही उत्तर आता बऱ्यापैकी मिळालंय. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतले अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा सूर एकच, की थोडा उपयोग होतो, काहींना धंद्यात मोकळीक मिळते, पण आयुष्य पालटून जावं असा परिणाम काही सापडला नाही. मग लोक म्हणाले, कर्जाबरोबर ट्रेनिंग देऊ. तेही करून झालंय. पेरूमध्ये गटाच्या मीटिंगमध्येच बायकांना धंद्याचं शिक्षण दिलं, एक-दोन वर्षं. बायकांना माहिती जास्त झाली, त्या संस्थेत टिकून राहिल्या, पण धंद्याचं उत्पन्न वाढल्याचं फारसं दिसलं नाही. म्हणजे फायदा झाला तो आधी संस्थेचा. हे वाचल्यावर मला वाईट वाटलं होतं, कारण मी पण तेव्हा तसंच शिकवत होते, जमा-नावे, नफा-तोटा, रकाने.

मग डोमिनिकन रिपब्लिकमधला अभ्यास वाचनात आला, २०१४ ला प्रसिद्ध झालेला. तिथे कर्जदारांचे गट केले, काहींना रीतसर हिशोबशास्त्र शिकवलं आणि काहींना साधे ठोकताळे. घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, स्वतःचा पगार ठरवून तेवढाच घ्या, एकातून दुसऱ्यात उचलले तर चिठ्ठी टाका. बस एवढंच. रीतसर हिशोबवाल्यांमध्ये विशेष फरक पडला नाही, ठोकताळेवाल्यांच्या पैशाच्या सवयी सुधारल्या. मी तेव्हापासून रकाने बंद केले. आता दोन डबे. एका बाईने तर तिसरा डबा केला, हप्त्याचा, आणि म्हणाली की याला हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगितलंय, नवऱ्याला पण.

अक्षरओळखीतही माझी चूक झाली होती ती सांगते. मी बालवाडीसारखी सुरुवात केली होती, अ अननसाचा, क कमळाचा. तीन आठवड्यांत निम्म्या बायका यायच्या बंद. दिवसभर राबून आलेल्या बाईने कमळ का वाचावं? ब्राझीलमध्ये पावलो फ्रेरे या शिक्षणतज्ज्ञांनी १९६३ साली आंजिकोस गावात सुमारे तीनशे मजुरांना चाळीसेक तासांत लिहा-वाचायला शिकवलं होतं, आणि त्यांची पद्धत हीच की सुरुवातीचे शब्द माणसाच्या रोजच्या जगण्यातून घ्यायचे, वीट वगैरे. मी पुन्हा सुरुवात केली ती "हप्ता" पासून. फळ्यावर हप्ता लिहिलं आणि म्हटलं आपापलं लोन कार्ड, म्हणजे हप्त्यांच्या नोंदीचं कार्ड, काढा, त्यात हा शब्द कुठेय शोधा. पाच मिनिटं नुसती बोटं फिरत होती कार्डावरून, कुणी बोलेना. मग एकीला सापडला, मग दुसरीला, मग एकच गलका. जोडाक्षर पहिल्याच दिवशी शिकवू नये म्हणतात, पण "प्ता" त्यांना त्याच दिवशी आला. त्यानंतर बाकी, तारीख, मुद्दल, विमा. विमा वाचल्यावर वर्गातल्या चौघींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपला विमा आहे आणि त्याचे पैसे कर्जातूनच कापलेत.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. चष्मा. एक बाई सारखी म्हणायची, माझ्या डोक्यात नाही शिरत ताई, म्हातारी झाले मी. पंचेचाळिशीची होती. एकदा माझ्या बॅगेतला चष्मा तिने सहज लावून बघितला आणि कार्ड डोळ्यांजवळ न्यायचं सोडून मांडीवर ठेवून वाचायला लागली. चाळिशी ओलांडली की जवळचं दिसायला त्रास होतोच, आपण दुकानात जातो आणि घेतो, यांना वाटतं आपल्याला अक्कल नाही. २०२४ ला बांगलादेशातला एक अभ्यास आला, ३५ ते ६५ वयाच्या, बारीक नजरेचं काम करणाऱ्या लोकांना नुसते जवळचे चष्मे दिले तर आठ महिन्यांत त्यांचं उत्पन्न जवळपास ३३ टक्क्यांनी वाढलं. प्रौढ शिक्षणाच्या कुठल्याही वर्गात पाटीच्या आधी चष्मा द्या असं मी आता जो भेटेल त्याला सांगते.

"या बायकांना काय जमणार" म्हणणाऱ्यांना मी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट सांगते. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायला अर्ज केला तर रिझर्व्ह बँकेने तो परत पाठवला, कारण सभासद बायका निरक्षर. त्या बायका काही महिने शिकल्या आणि पुन्हा गेल्या, आणि साहेबांना म्हणाल्या की आम्हाला कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, कॅल्क्युलेटर न घेता सांगतो. १९९७ ला माणदेशी महिला बँक उभी राहिली. त्याच्याही आधी, १९७४ ला अहमदाबादला कष्टकरी बायकांची सेवा बँक निघाली तेव्हा लिहिता न येणाऱ्या बायकांचा हातात खाते नंबरची पाटी धरलेला फोटो पासबुकवर लावायची पद्धत काढली होती. सोय करायची म्हटलं तर होते.

आता कायद्यानेही बरंच दिलंय. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाची सगळी माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायची, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करत बसायचं नाही. किती चांगले नियम आहेत. पण कागद तिच्या भाषेत छापला आणि तिला ती भाषा वाचताच येत नसेल तर तो कागद तिच्यासाठी कोराच ना. आणि आता तर सहीचीही गरज उरली नाही, मशीनवर अंगठा ठेवला की झालं, ओटीपी मुलगा सांगतो. आपण अंगठ्यापासून सहीपर्यंत आलो होतो आणि पुन्हा अंगठ्यावर गेलो, या वेळी तर समोर कागदसुद्धा नसतो.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की हे शिक्षण पूर्णपणे कर्ज देणाऱ्याच्या हातात ठेवू नये. त्याचं यश वसुलीत मोजलं जातं आणि कर्जं किती वाटली त्यात मोजलं जातं, मग तो "हे कर्ज तुम्हाला झेपणार नाही" हे का शिकवेल? वर्ग गटातच भरवावा, मीटिंगला बायका येतातच, त्याच वेळेला जोडून अर्धा तास, लहान पोरं घेऊन बसता येईल असा, पण शिकवणारी व्यक्ती वसुलीची नसावी. आणि परीक्षा घ्यायचीच असेल तर एवढीच घ्या, की या बाईला कर्ज नाकारता येतं का.

आमच्या एका गटात गेल्या महिन्यात टॉप-अप द्यायला सर आले होते. जुन्या कर्जाचे चारच हप्ते उरलेले, त्यावर नवीन मोठं, सगळ्यांनी सह्या करा म्हणाले. ती रांगोळीसारखी सही करणारी बाई, तिने कागद घेतला, चष्मा लावला, आणि बोट ठेवून एकेक शब्द लावत वाचायला लागली. बाकीच्या थांबल्या. सरही थांबले, त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं पण थांबले. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "सर, यात प्रोसेसिंग फी लिहिलीय, विमा पण परत लिहिलाय. जुन्याचा विमा अजून चालू आहे ना?" त्यांना लगेच उत्तर देता आलं नाही, विचारून सांगतो म्हणाले. तिने कागद नीट घडी घालून परत दिला आणि म्हणाली, मग तुम्ही विचारून या, मी पुढच्या मीटिंगला सांगते.

पुढची मीटिंग येत्या मंगळवारी आहे. बाकीच्या सात जणींनी पण सह्या थांबवल्यात आणि मला निरोप आलाय की ताई, त्याच्या आधी एकदा या आणि त्या फॉर्मचं मागचं पान आमच्याकडून वाचून घ्या, तिथली अक्षरं फार बारीक आहेत. घरात जवळचे जुने चष्मे पडले असतील तर मला इनबॉक्समध्ये कळवा, मला अजून पाच लागतील.