गुगलवरच्या एक तारा रिव्ह्यूला आमचं उत्तर: स्लॉट फ्रान्सचा, मुक्काम स्वित्झर्लंडचा

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ऑफिसात सगळ्यांनीच वाचला. नंतर इथे येणाऱ्यांना विषय कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. फ्रान्सच्या व्हिसाची अपॉइंटमेंट (म्हणजे स्लॉट) पुढच्याच आठवड्यात मिळत असताना आम्ही, म्हणजे तुमच्या व्हिसा एजंटांनी, स्वित्झर्लंडचा हट्ट धरला आणि त्यात तीन आठवडे गेले. तोवर तिकीट काढू दिलं नाही, ते महागात पडलं. नको ती कागदपत्रं मागितली. एवढं करून व्हिसा आला तो ट्रिपपुरताच, मित्राला मात्र दोन वर्षांचा मिळाला. सबब सेवाशुल्क परत करा, आणि कोथरूडकरांनी आमच्या वाटेला जाऊ नये.

तुमच्या फाइलमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही. खात्यात किती आणि कुणाचे, हा तुमचा खासगी मामला. तुम्ही स्वतः जाहीर केलंत तेवढ्याचंच उत्तर देतो.

प्रवास तुम्हीच लिहिलाय: पॅरिसला तीन रात्री, मग ल्युसर्न आणि इंटरलाकेन मिळून सहा, परत झुरिचहून. शेंगेन व्हिसा युरोपातल्या 29 देशांत चालतो हे खरं, पण तो कुणाकडे मागायचा हे स्लॉट बघून ठरत नाही. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार, त्या देशाकडे. ‘विमान पॅरिसला उतरतं, म्हणजे फ्रान्सच’ हा तुमचा मुद्दा रात्री समसमान असत्या तर बरोबर ठरला असता. तीनाला सहा असताना तो प्रश्नच येत नाही. (स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, मग शेंगेनमध्ये कसं, हेही काउंटरवर नेहमी विचारतात. डिसेंबर 2008 पासून आहे.)

आता ‘बाकीचे एजंट पॅरिसचं डमी हॉटेल बुकिंग जोडून देतात, यांना तेवढंही जमत नाही’ या वाक्याबद्दल. जमतं. आम्ही करत नाही. पॅरिसला कागदावर सात रात्री दाखवायच्या, व्हिसा हातात पडला की बुकिंग रद्द करायचं आणि ट्रेन पकडून झुरिच गाठायचं, हा प्रकार बाजारात चालतो हे मलाही ठाऊक आहे. चार तासांचा तर प्रवास, वाटेत कोण विचारतंय, असं लोकांना वाटतं. विचारतात ते आधीच. वकिलातीतून हॉटेलात बुकिंगची खातरजमा होऊ शकते. विमानतळावरचा अधिकारी व्हिसा असतानाही राहण्याचे आणि परतीचे कागद मागू शकतो, आणि खोट्या माहितीवर घेतलेला व्हिसा तिथेच रद्द करू शकतो. तुम्ही आई-बाबांना घेऊन जाणार होतात. शार्ल द गोल विमानतळावर रात्रभराच्या प्रवासानंतर त्यांना बाजूला उभं करून प्रश्न विचारले असते, तर तुम्ही आम्हाला किती तारे दिले असते?

शिवाय अर्ज नाकारला गेला तर ती नोंद त्या एका देशाच्या दप्तरात राहत नाही. शेंगेन देशांची व्हिसाची माहिती साठवणारी यंत्रणा सामायिक आहे आणि त्यात नोंदी पाच वर्षांपर्यंत राहतात. फ्रान्सने नाकारलं म्हणून पुढच्या वर्षी गुपचूप इटलीकडे जावं, तर इटलीच्या पडद्यावर ते दिसतंच.

तीन आठवडे गेले हे बरोबर आहे. पण मेमध्ये युरोपला जायचं आणि मार्च संपताना चौकशी करायची, हे निम्मं पुणं करतं. शाळांच्या सुट्ट्या सगळ्यांच्या एकदमच लागतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मेच्या ट्रिपसाठी दिवाळीच्या आसपासच दार उघडतं. अर्ज स्वीकारल्यावर निर्णयाला साधारण 15 दिवस, काही प्रकरणांत 45 पर्यंत लागू शकतात. स्लॉट आम्ही तयार करत नाही आणि वरचे पैसे घेऊन विकतही नाही. व्हिसा अर्ज केंद्रात कागद जमा होतात, बोटांचे ठसे घेतात, निर्णय वकिलातीचा. त्यामुळे ‘तुमची तिथे ओळख नाही का’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि असती तरी उपयोग नव्हता.

तिकिटाचं म्हणाल, तर भाव चढले याचं मलाही वाईट वाटतं. तरी पुढच्या माणसालाही मी तेच सांगेन. नियमाला जाण्यायेण्याचं आरक्षण पुरतं, पैसे भरून काढलेलं पक्कं तिकीट लागत नाही. परत न मिळणारं स्वस्त तिकीट आधी काढून ठेवायचं आणि व्हिसा नाही आला तर? चौघांच्या तिकिटांचे पैसे पाण्यात. तुम्हाला जास्त पडले ते त्या धोक्यापेक्षा कमीच होते.

कागदपत्रांबद्दल तुम्ही लिहिलंय की एफडी मोडून खात्यात पैसे भरले, तर आम्ही त्याचंही पत्र मागितलं. मुळात एफडी मोडा असं आमच्याकडून कुणीही सांगितलं नव्हतं. पावती जोडून काम भागलं असतं, व्याजही बुडालं नसतं. पण एकदा मोडलीत म्हटल्यावर खात्यात एकरकमी मोठी भर दिसणार. बघणाऱ्याला ते उसने आणून दाखवलेले पैसेही वाटू शकतात. त्याला पुण्यातलं तुमचं घर, नोकरी, निवृत्तिवेतन यातलं काही माहीत नसतं, समोर असतात ते कागद. म्हणून बँकेचं एक पत्र. विमा किमान 30,000 युरोचा लागतो, तोही आमच्या मनाचा आकडा नाही.

तुमच्या मित्राच्या दोन वर्षांच्या व्हिसाबद्दल सांगतो, कारण एप्रिल 2024 मध्ये ती बातमी आल्यापासून प्रत्येकाला तोच हवा असतो. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी तेव्हा जी सवलत आली, ती आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरलेल्यांसाठी आहे. त्यांना दोन वर्षांचा, आणि पुढे पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. तुम्ही रिव्ह्यूतच ‘आमची पहिलीच युरोप ट्रिप’ म्हणताय. पहिल्या वेळी प्रवासाच्या तारखांभोवतीच व्हिसा मिळणं हे नेहमीचंच आहे, त्यात आम्ही किंवा वकिलातीने काही कापून घेतलेलं नाही. आणि दोन वर्षांचा असला तरी कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांच्या वर राहता येत नाही, हे मित्रालाही सांगा.

राहिले पैसे. व्हिसाचं शुल्क मोठ्या माणसाला 90 युरो. जून 2024 पूर्वी ते 80 होतं. ते वकिलातीचं. केंद्राचं शुल्क वेगळं, आमचं वेगळं, आणि तिन्हींच्या वेगवेगळ्या पावत्या तुम्हाला दिलेल्या आहेत. पहिली दोन व्हिसा नाकारला गेला तरी परत मिळत नाहीत. आमचं शुल्क अर्ज तयार करण्याचं आहे, ते काम पूर्ण झालं, चारही व्हिसा आले, तुम्ही जाऊन आलात. त्यामुळे परताव्याची मागणी मान्य करता येत नाही.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. एक तारा राहू द्या. फक्त या चारही व्हिसांच्या पानांच्या झेरॉक्स जपून ठेवा. पासपोर्ट बदलला तर जुना फेकू नका. ठसे 59 महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात, त्यामुळे पुढच्या अर्जाच्या वेळी, तो कुणाकडूनही करा, आई-बाबांना पुन्हा ठसे द्यावे लागतील का हे आधी विचारून घ्या. आमच्याकडे विचारलंत तर त्याचे पैसे नाहीत.