खडीगाडीचा मुहूर्त

आमच्या सोसायटीत कॅमेऱ्याचा छंद असलेले दोघे जण आहेत. पहिला हिवाळ्यात भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो आणि ते पाहायला लोक आपण होऊन त्याच्या घरी जातात. दुसरा मी. मी रेल्वेच्या खडी वाहणाऱ्या गाड्यांचे फोटो काढतो, आणि ते पाहायला बसवलेल्या माणसाला साधारण तिसऱ्या फोटोनंतर आपण घरी गॅसवर काहीतरी ठेवून आल्याचे आठवते.

खडीगाडी ही रेल्वेने स्वतःच्या घरकामासाठी ठेवलेली गाडी होय. तिला वेळापत्रक नसते, तिची घोषणा होत नाही आणि तिच्या स्वागताला हार घेऊन कोणी उभे राहत नाही. मार्गावरची वाहतूक काही तास थांबवली, म्हणजे रेल्वेच्या भाषेत ‘ब्लॉक’ मिळाला, की ती यार्डातून निघते, कामाच्या जागी माणसाच्या चालीने सरकत वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, पोटातली खडी रुळांवर सोडते आणि स्वतःच उडवलेल्या पांढऱ्या धुळीत दिसेनाशी होते. तिच्या मागाहून टॅम्पिंग मशीन येते. त्याचा रंग थेट जेजुरीच्या भंडाऱ्याचा. ते आपली लोखंडी बोटे रुळांखालच्या आडव्या स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी खडीत खुपसते, थरथरवते आणि खडी स्लीपरखाली अशी दाबून बसवते, की आजी डब्यात लाडू दाबून बसवत असे त्याची मला दर वेळी आठवण होते. मुख्य मार्गावर किलोमीटरला सर्वसाधारणपणे १,६६० स्लीपर असतात आणि त्या प्रत्येकाला हा लाडू मिळावा लागतो.

वंदे भारतचे फोटो सोडून मी या धुळीमागे का लागतो, असे मला विचारले जाते. याचे खरे उत्तर असे, की जिथे खडी पडते तिथे आज ना उद्या पॅसेंजर गाडी येते, अशी माझी भाबडी श्रद्धा आहे. या श्रद्धेला पुरावाही आहे. लोणंद-फलटण मार्गाची लोकांनी कित्येक वर्षे थट्टा केली, पण २०२१ च्या मार्चमध्ये पुण्याहून फलटणला डेमू, म्हणजे डिझेलवर चालणारी पॅसेंजर गाडी, सुरू झालीच. विरुद्ध बाजूचा पुरावा दुर्दैवाने अधिक आहे. टाळेबंदीत बंद पडलेली सह्याद्री एक्स्प्रेस २०२३ मध्ये परत आली, ती कोल्हापूरहून पुण्यापर्यंतच; मुंबईपर्यंत जाण्याचे तिने टाळले. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी दम घेत १ : ३७ चढाचा बोरघाट उतरणारी पुणे-कर्जत पॅसेंजर मी अजून स्वप्नात पाहतो, आणि स्वप्नातही ती उशिरा येते. पुणे-नाशिक रेल्वेविषयी न बोललेले बरे. तिच्या आखणीच्या वाटेत खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या लावून दूरच्या आकाशगंगांची कुजबुज ऐकणाऱ्या शास्त्रज्ञांना मध्येच रेल्वेचा गोंगाट नको आहे, आणि त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. त्यामुळे आम्हाला चिडायलासुद्धा कोणी उरलेले नाही.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, ज्यात माझ्यासारखेच एकोणीस सज्जन आहेत, बातमी आली, की उद्या पुणे-मिरज मार्गावर राजेवाडीच्या अलीकडे ब्लॉक आहे आणि खडीगाडी निघणार आहे. मी पहाटे साडेचारचा गजर लावला. गजर झाला तो पत्नीच्या बाजूला. “अहो, खडीच हवी असेल तर आपल्या गल्लीत रस्ता खोदून ढीग घातलाय की,” ती डोळे न उघडता म्हणाली, “चहा पिता पिता गॅलरीतून मिळेल.” या युक्तिवादात कुठेही चूक नव्हती, म्हणून मी उत्तर न देता स्वेटर चढवला आणि निघालो.

सात वाजता मी रेल्वेच्या हद्दीबाहेर एका बांधावर तिपाई रोवून उभा होतो. हद्दीबाहेर अशासाठी, की रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रुळांवर घुसखोरी केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि खडीच्या फोटोपायी आत गेलेला माणूस कैद्यांच्या नजरेतूनही उतरेल. ब्लॉक सव्वानऊला मिळणार होता. सव्वानऊचे दहा झाले, दहाचे अकरा. या काळात माझ्यासमोरून एक मालगाडी, एक एक्स्प्रेस आणि सुमारे दोनशे मेंढ्या गेल्या. त्यांत वेळेवर फक्त मेंढ्या असाव्यात, कारण मेंढपाळाला कसलीही घाई दिसत नव्हती.

अकराच्या सुमारास धोतर, टोपी आणि काठी असे एक आजोबा बांधावरून येऊन माझ्या तिपाईपासून चार हातांवर थांबले. “मोजणीला आलाय?” त्यांनी विचारले. प्रश्नातला थंडपणा माझ्या उशिरा लक्षात आला. याच पुरंदर तालुक्यातल्या सात गावांत विमानतळ व्हायचा आहे आणि २०२५ साली त्यासाठीच्या ड्रोन-मोजणीला गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला होता. अशा मुलखात तीन पायांवर उभे केलेले कोणतेही यंत्र म्हणजे सातबाऱ्यावर आलेले संकट. मी घाईघाईने सांगितले, की मी मोजणीवाला नाही, मी खडीच्या गाडीचा फोटो काढायला आलो आहे. आजोबांनी माझ्याकडे निरखून पाहिले. शहाणा माणूस पुण्याहून इतक्या लांब खडीसाठी येणार नाही, असे त्यांच्या मनात आलेले मला दिसले, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी माझ्या शहाणपणाचा मान राखणारा एकमेव अर्थ काढला.

“म्हंजी रेल्वेचं सायेब,” ते म्हणाले आणि खाली बसले.

मी तीन वेळा नाही म्हटले. त्यांनी तीनही वेळा ते नम्रतेच्या खाती जमा केले. लॉकडाउनच्या आधी सकाळी पुण्याला जायची सोयीची गाडी होती, ती कधी सुरू करता, हा त्यांचा पहिला मुद्दा. मध्यंतरी दहाचे तिकीट तीस रुपये केले होते, ते कोणाच्या डोक्यातून निघाले, हा दुसरा. नाव एक्स्प्रेस, गाडीचा क्रमांक शून्यापासून सुरू आणि चाल मात्र पॅसेंजरची, असा तो प्रकार मलाही आठवत होता. २०२४ च्या फेब्रुवारीत ते भाडे पूर्ववत झाले, असे मी सांगितले, तर “बरं केलंत,” म्हणून त्यांनी त्याचेही श्रेय मला देऊन टाकले. मग त्यांनी माझा नंबर मागितला, आणि मी तो का दिला हे मला आजही सांगता येणार नाही. माणूस अधिकारी समजला गेला, की त्याचे भान थोडे सुटते.

आणि नेमकी तेव्हा खडीगाडी आली. लांबून जुन्या अ‍ॅल्को डिझेल इंजिनाची ती ओळखीची धडधड, मागे वाघिणींची ओळ, वाघिणीच्या काठाला धरून उभे असलेले खलाशी. मी डोळा कॅमेऱ्याला लावला. पहिल्या वाघिणीचे दार उघडले, खडी सळसळत खाली आली, धूळ उन्हात सोन्यासारखी उजळली, मी बटण दाबले, आणि माझ्या व तिच्या मधल्या रुळावरून दीड तास उशिरा धावणारी डेमू आडवी आली.

हा मधला रूळ दुहेरीकरणातला आहे. पुण्यापासून मिरजेपर्यंतच्या सुमारे २८० किलोमीटरच्या या एकेरी मार्गावर दुसरा रूळ पडावा, म्हणून मी वर्षानुवर्षे चहाच्या टपरीवर उभा राहून व्याख्याने दिली आहेत, आणि त्या कामाचे तीनशेच्या वर फोटो काढले आहेत. एकेरी मार्ग असता तर डेमू मागच्या स्टेशनात मुकाट्याने उभी राहिली असती. आता तक्रार कोणत्या तोंडाने करायची? डेमू जपून जाण्याच्या सूचनेमुळे रेंगाळत गेली, आणि शेवटचा डबा सरकला तेव्हा खडीगाडीच्या जागी फक्त धूळ होती.

“गाडी आली की,” मी आजोबांना उसने अवसान आणून म्हटले.

“ही न्हाय,” ते म्हणाले. “सकाळची.”

घरी आल्यावर पत्नीने फोटो पाहिले आणि प्रथमच चौथ्या फोटोपर्यंत टिकली. दारात बसलेला, कपाळभर भंडारा फासलेला एक तरुण, मांडीवर झेंडूची पाटी घेतलेली बाई, खिडकीतून मला जीभ दाखवणारा एक मुलगा. “माणसं आहेत यात!” ती म्हणाली. “आणि खडीगाडी कुठे?” मी दोन डब्यांच्या मधल्या फटीवर बोट ठेवले. तिने चित्र मोठे केले, बराच वेळ पाहिले आणि लेन्स पुसायचे फडके आणून दिले.

आजोबांचा फोन दर रविवारी सकाळी येतो. “सायेब, गाडीचं काय झालं?” एवढेच ते विचारतात. खडी पडली आहे, असे मी सांगतो. पलीकडे थोडा वेळ फक्त कोंबडा ऐकू येतो.

“बरं,” ते म्हणतात, “मग म्होरल्या रविवारी लावतो फोन.”