डोळे बाहेर येत नाहीत हो, मागून चपटे होतात

तोच मेसेज आता तिसऱ्या ग्रुपवर आला म्हणून लिहितोय. म्हणणं असं की अंतराळात डोक्यातलं प्रेशर इतकं वाढतं की डोळे बाहेर येऊन अंतराळवीर आंधळे होतात, म्हणून नासा डोळ्यावर सोनोग्राफी लावून मेंदूच्या प्रेशरचा आकडा वाचते, आणि असं मशीन असताना आपले डॉक्टर तेच प्रेशर मोजायला पाठीत सुई टोचतात ते फक्त बिलासाठी. वर आणि, यानात डॉक्टर नसेल तर मशीन बिनकामाचं.

आधी डोळे. सगळं उलटं लिहिलंय. महिनोन्‌महिने अंतराळ स्टेशनवर राहिलेल्या काहींचा डोळा मागच्या बाजूने चपटा होतो, डोळ्याला मेंदूशी जोडणारी नस आत शिरते तिथे सूज येते. डोळा आखूड झाला की प्लसचा नंबर वाढतो, चाळीशी लागल्यासारखं जवळचं वाचताना अडतं, म्हणून नासा जास्तीचे चष्मेच बरोबर देते. २०११ साली सहा-सहा महिने राहून आलेल्या ७ जणांचा अभ्यास आला, त्यात ५ जणांना नसेपाशी सूज आणि ६ जणांना जवळचं कमी दिसत होतं. आंधळं कोणी झालेलं नाही.

प्रेशरचंही तेच. कॅन्सरच्या उपचारासाठी डोक्यात आधीच पोर्ट (औषध सोडायची छोटी डबी) बसवलेल्या काही लोकांना वजनरहित अवस्था देणाऱ्या विमानात नेऊन थेट मोजलं, २०१७ चं काम आहे, तर प्रेशर आडवं पडल्यावर असतं त्याहून कमी भरलं, पण उभं असताना असतं त्याहून जास्त. म्हणजे स्फोट वगैरे काही नाही, संशय असा आहे की आपण दिवसभर उभे-बसलेले असताना डोक्याला जो आराम मिळतो तो तिथे कधी मिळतच नाही.

आता सुईचं, कारण हे वाचून कोणीतरी खरंच तपासणी टाळेल. सोनोग्राफी प्रेशरचा आकडा देत नाही!! मिटलेल्या पापणीवर जेल लावून प्रोब अलगद टेकवतात, स्क्रीनवर डोळ्याचा काळा गोळा आणि त्याच्यामागे नसेचा काळपट पट्टा दिसतो, गोळ्यापासून ३ मिलिमीटर मागे त्या पट्ट्याची रुंदी मोजतात. नसेभोवतीच्या आवरणात मेंदूभोवतीचंच पाणी असतं, दाब वाढला की ते फुगतं. पण प्रत्येकाची रुंदी मुळातच वेगळी, प्रोब जरा तिरका धरला तरी माप बदलतं, त्यामुळे उड्डाणाआधीच्या मापाशी तुलना करायची, एवढाच त्याचा अर्थ. नेमका आकडा हवा तर थेटच मोजावं लागतं, बहुतेकदा पाठीतल्या सुईने, आणि ती अंतराळात अजून कोणाला टोचलेली नाही.

राहिला डॉक्टर. अंतराळवीर लिरॉय चाओ केमिकल इंजिनिअर, सालिझान शारिपोव पायलट, दोघांनी स्टेशनवर डोळ्याची सोनोग्राफी केली, २००५ मध्ये त्यावर रिसर्च पेपरही आला, खाली पृथ्वीवरून तज्ज्ञ सांगत होते प्रोब कुठे सरकवायचा ते. पुढे अशाच एका रिसर्चच्या सोनोग्राफीत एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली, त्रास काहीच होत नव्हता. स्टेशनवर गुठळीवरची इंजेक्शनं मोजकीच होती, ती पुरवून पुरवून वापरली, मग मालवाहू यानातून गोळ्या पाठवल्या.