पायवाटेला छप्पर कोण देणार?

वाहने वसाहतीच्या कडेला ठेवून घरापर्यंत पायवाट दिली की शेजाऱ्यांच्या भेटीगाठी आपोआप वाढतात, हे गोव्यातील सहनिवासावरील (स्वतंत्र घरे, पण स्वयंपाकघरासारख्या जागा सामायिक असलेल्या वसाहतीवरील) लेखातील विधान मला अपुरे वाटते. डेन्मार्कमध्ये १९७०च्या दशकात रुजलेल्या सहनिवासांत ते खरे ठरले असेल. पण गोव्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस पडत असताना, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी घेऊन उघड्यावर गप्पा मारत कोण उभे राहील? उलट गोव्याच्याच सासष्टी तालुक्यातील जुन्या घरांच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, समोरासमोर बांधलेले सोपे (बसायचे कट्टे) असतात, वर कौलारू छप्पर असते आणि घरात पाऊल न टाकताही येणाऱ्याजाणाऱ्याशी निवांत बोलता येते.

लेखातील सामायिक स्वयंपाकघराच्या आराखड्यात मासळी साफ करण्यासाठी मागील दारी पाण्याची जागाही दाखवलेली नाही, हे तर नवलच!